विनोदचं अक्षर

खोटं काऊन बोलू, त्या विनोदवर मी लय जळलो बाप्पा. लोणारात लग्नपत्रिका छापायचं दुकान आधी माझं. विनोद मागून आला, अन् त्यानं सोता अक्षर काढून कॉम्प्युटरवर फॉन्ट बनवला. उभी दांडी जाड, वरची रेघ केसासारखी बारीक, अन् दांडीच्या टोकाले नाजूक पाय. पत्रिका म्हणू नका, साड्यांच्या दुकानाची पाटी म्हणू नका, गावभर तेच अक्षर!

मग माझ्या पोरीचं लग्न जमलं. ती म्हणे, "बाबा, माझं नाव त्याच अक्षरात पाहिजे."

तोंड पाडून गेलो त्याच्याकडं. त्यानं लगेच पेनड्राइव्ह हातात दिला.

"काका, ताईची पत्रिका तुमच्याच दुकानात छापा. फक्त नावं मोठी टाका, पत्ता दुसऱ्या अक्षरात घ्या. बारीक केलं की याच्या रेघा उडतात."

जल्मभर पत्रिका छापणाऱ्याले हा शिकवून राह्यला! अन् बोलत होता खरं, म्हणून तर जास्त झोंबलं.

लग्नात व्याही म्हणाले, "काय देखणं अक्षर हाय! कोणाचं?"

विनोद बाजूच्याच पंगतीत जेवत होता.

मी म्हटलं, "छपाई माझी हाय."