तळं हललं पाहिजे

...आणि फ्रीज एकच हो! एवढी मोठी फोनची कंपनी, आणि पाहुण्यांच्या खोलीतला फ्रीज बघाल तर गुडघ्याएवढा, आत पाण्याच्या चार बाटल्या, आणि मी आपला रुमालात गुंडाळलेला फोन त्यात सरकवायला जातो तर तिथे आधीच एक रुमाल. निळा, कोपऱ्यात पांढरं फूल भरलेलं. म्हटलं, हा मी ओळखतो, असाच तर माझ्या हातात आहे! सासूबाईंनी दोन्ही जावयांना सारखे दिलेत. वळून बघतो तर सोफ्यावर साडू.

हसू नका, आधी ऐका. तुम्हाला सांगतो, मी चिपच्या कंपनीत आहे. कुठली चिप, तर हातातल्या फोनवर जे जे चित्र दिसतं ते रंगवणारी. आणि साडू समोरच्या कंपनीत. समोरच्या म्हणजे खरोखर समोरच्या, रस्ता ओलांडला की त्यांचं फाटक. त्यांनी आपली चिप दाखवायला फोनमध्ये जंगल केलं, पानं सळसळणारं. झालं, आमचे साहेब टेबलावर बोटं वाजवत म्हणाले, "ते पानं हलवतात काय? आपण पाणी हलवू." आणि माझ्या गळ्यात तळं पडलं. मग त्यांनी पानांवर दव आणलं, आम्ही पाण्यात ढग आणले, त्यांनी दवात सूर्य आणला, आम्ही ढगाखालून मासा सोडला... असं चाललं वर्षानुवर्षं, आणि फोन आपला दरवर्षी आणखी पातळ.

आता खरं सांगू? बाजार गेला खड्ड्यात, मला ते तळं आवडतं. संध्याकाळचं आहे, काठावर कुणी नाही, बोट टेकवलं की एक वर्तुळ उठतं, त्याबाहेर दुसरं, आणि ती पसरत पसरत पार पलीकडच्या काठाला जातात आणि तिथलं गवत एवढीशी मान हलवतं... बायको म्हणते, "ताट गार झालं, आहात कुठे?" काय सांगू, काठावर बसलोय? माझं म्हणणं एवढंच की तळं हललं पाहिजे. कुणाच्या तरी हातात, बसची वाट बघताना, दवाखान्यात नंबर यायच्या आधी, हललं पाहिजे.

पण ते तापतं ना! मोठ्या संगणकात पंखा असतो, खिशात कुठला पंखा? थोडा वेळ झकास चालतं, मग चिपला घाम फुटतो, मग ती स्वतःच दमानं घेते आणि वर्तुळ अडखळायला लागतं. म्हणून दाखवण्याआधी फोन फ्रीजमध्ये. धंद्यात सगळेच करतात, बोलत कुणी नाही.

आणि त्या दिवशी तर शेवटची संधी, त्या कंपनीच्या नव्या फोनात कुणाची चिप बसणार ते ठरणार होतं. साहेबांनी सांगितलं होतं, "हे काम मिळालं नाही, तर तळं बंद." साडूला त्याच्या साहेबांनी जंगलाबद्दल तेच सांगितलेलं. वर सासूबाई तेव्हा अजून बटणांचाच फोन वापरत होत्या. का? तर "ज्या जावयाची चिप लागेल, तोच फोन घेईन. तोवर मला कुणाचं मन मोडायचं नाही." त्यातलं एक बटण केव्हाच पडलेलं, तिथे पेन्सिलीनं दाबायच्या.

तर आम्ही दोघं सोफ्यावर. साडू म्हणतो, "तुझा किती वेळ टिकतो?" म्हटलं, "भरपूर. तुझा?" "माझाही." दोघंही थापा मारतोय, दोघांनाही माहीत. मग तो हळूच म्हणाला, "माझ्या जंगलात पाणी नाही रे. कधीकधी वाटतं, वाळेल." आणि मला काय झालं कोण जाणे, मी म्हटलं, "माझ्या काठावर झाड नाही." फ्रीजची घरघर, खिडकीतून ऊन, आणि मला दिसायला लागलं, त्याचं जंगल उतरत उतरत माझ्या तळ्याशी येतंय, एक पान सुटतंय, पाण्यावर टेकतंय, वर्तुळ उठतंय... डोळे कधी मिटले कळलंच नाही. दोघांचेही!

जाग आली तर फ्रीज उघडा, रुमाल आहेत, फोन नाहीत. धावत खरेदीच्या बाईंच्या, म्हणजे चिप निवडणार होत्या त्यांच्या, खोलीत गेलो, तर आमचे फोन खिडकीत, भर उन्हात, कुंडीला टेकून शेजारी शेजारी. बाई मायेनं म्हणाल्या, "पाणी घ्यायला गेले तर फ्रीजमध्ये कुणीतरी फोन विसरलेलं. पार गारठले होते हो, वर थेंब जमलेले. म्हटलं, जरा शेकू देत."

शेकले! बाईंनी तळ्याला बोट लावलं. वर्तुळ उठलं, अर्ध्यापर्यंत गेलं आणि थांबलं. काठ समोर दिसतोय, पण थांबलं. जंगलात एक पान गळलं आणि हवेतच राहिलं. साडूनं माझ्याकडे बघितलं, मी कुंडीकडे. मला रडू यायचं बाकी होतं.

बाई मात्र बघतच राहिल्या. म्हणाल्या, "किती शांत वाटतं. हल्ली सगळंच हलत असतं हो." मी म्हटलं, "हेही हलतं, बाई! जरा गार होऊ द्या, गवतसुद्धा—" "नको, नको. असंच द्या."

आणि असंच द्यायचं तर आमची चिप हवी कशाला? काम गेलं तिसऱ्याच कंपनीला, जिला आम्ही कधी मोजलंच नव्हतं. त्यांच्या चिपला काही हलवता येत नाही, म्हणून ती स्वस्त. आमच्याकडून घेतली फक्त दोन चित्रं. माझं तळं बंद झालं. आता मी बॅटरीचं चित्र रंगवतो, भरलेली आणि अर्धी.

सासूबाईंनी तोच फोन घेतला. खूश आहेत, कुणाचं मन मोडलं नाही. पडद्यावर साडूचं जंगल, बोट फिरवलं की माझं तळं. तळ्याला रोज बोट लावतात, वाट बघतात. मीही बघतो, मेलं, शेजारी बसून. परवा फोन गालाला लावून म्हणाल्या, "जावईबापू, तुमचं तळं हलत नाही, पण गालाला किती गार लागतं!"

म्हटलं, "लागणारच, आई. काम कुठे करतंय ते?"