मास्तरांची रिकामी घरं

...नाही, पण मी म्हणतो, वरच्याने तीनात वाजवलं आणि खालच्याने चारात, तर त्या कॉम्प्युटरच्या तीर्थरूपांचं काय जातं? तुम्हीच सांगा. वाजवणार दुसरे, ऐकणार तिसरे, ह्याला नुसतं दाखवायचंय. पण नाही. वर तीन टाकलं की खालीही तीन. खाली चार टाकायला जावं तर वरचे तीन पळून तिथेही चार. आणि मी आपला माऊस धरून बसलेलो.

थांबा, आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर तुम्हाला वाटेल हा कुठल्या तीन-चारचं बोलतोय. लोकांनी हाताने खरडलेलं संगीत मी कॉम्प्युटरवर स्वच्छ उतरवून देतो. पाच आडव्या रेघा, त्यावर टिंबं, आणि सुरुवातीला एक आकडा, की बाबांनो, एका घरात इतके ठोके. घर म्हणजे दोन उभ्या रेघांमधली जागा. खरं तर त्याला बार म्हणतात, पण एकदा मी फोनवर कुणाला तरी म्हणालो, 'आज सकाळपासून दोनच बार झाले,' आणि शेजारी सासूबाई बसलेल्या... त्यानंतर आठवडाभर त्या माझ्याशी भिंतीकडे बघून बोलत होत्या. तेव्हापासून मी घर म्हणतो.

तर एक दिवस काकू आल्या. काकू म्हणजे पुढच्या गल्लीतल्या पियानो शिकवणाऱ्या. त्या आणि मास्तर, म्हणजे त्यांचे यजमान, दोघंही शिकवायचे, एकाच खोलीत दोन पियानो, पाठीला पाठ लावून, कारण काकूंचं म्हणणं, 'समोरासमोर बसलं की हे माझ्या बोटांकडे बघून तोंड वाकडं करतात.' मास्तर जाऊन फार दिवस झाले नव्हते. काकूंनी पिशवीतून कागद काढले, टेबलावर ठेवले, हाताने सरळ केले आणि म्हणाल्या, "हे ह्यांचं शेवटचं. दोन पियानोंसाठी. तुम्ही छापायजोगं करून द्या. शाळेच्या सभागृहात वाजवायचंय. माझं मी वाजवीन, ह्यांचं भाची वाजवील."

मी बघितलं आणि मला घाम फुटला. मास्तरांची ओळ तीनात, काकूंची चारात. एकाच वेळी. ठोका दोघांचा सारखा, पण मास्तरांचं घर तिसऱ्या ठोक्याला संपणार, काकूंचं चौथ्याला. म्हणजे दोघं बरोबर निघणार, लगेच चुकामूक, मग बरंच चालून कुठेतरी परत एकत्र उंबऱ्यात पाय, की पुन्हा चुकामूक.

मी म्हणालो, "काकू, हे असं... मुद्दाम?"

"आमचं असंच होतं," काकू म्हणाल्या.

आता कॉम्प्युटरला हे कोण सांगणार? मी सगळे मेनू उघडले. इंटरनेटवर विचारलं. तिथे एका गृहस्थांनी उत्तर दिलं, 'तुम्हाला असं का करायचं आहे?' अरे बाबा, मला नाही करायचंय! दुसऱ्याने सांगितलं, अमुक बटण दाबून धरा आणि आकडा फक्त त्या एका ओळीवर नेऊन सोडा. सोडला. बसला की हो! वर तीन, खाली चार. मी खुर्चीतच नाचलो, काकूंना बोलावलं, म्हटलं ऐका.

काकूंनी ऐकलं आणि त्यांचा चेहरा असा झाला, जसं काही मी मास्तरांना फरफटत नेलंय. आणि खरंच नेलं होतं हो. त्या लबाडाने काय केलं होतं, तर चारांचं घर जेवढं लांब, तेवढ्यातच तीन ठोके ताणून बसवलेले, का, तर दोघांची घरं बरोबर संपावीत. त्यात मी घाबरून वेग वाढवलेला.

"असं नव्हतं," काकू म्हणाल्या. "आम्ही दर वेळी भेटत नव्हतो."

झालं. पुन्हा पहिल्यापासून. आणि मी आपला माऊस धरून बसलेलो.

शेवटी मी चोरवाट काढली. दोघांची गाठ जिथे पडते तिथपर्यंत एकच मोठं घर धरलं, त्याचा आकडा लपवला, आणि आतल्या उभ्या रेघा हाताने काढल्या, वर वेगळ्या, खाली वेगळ्या. कॉम्प्युटरला वाटतंय एक घर, कागदावर दोन संसार. पण एवढं करेपर्यंत ते माझ्या अंगात शिरलं होतं. कपड्यांचं मशीन चारात फिरायचं, मी मान तीनात हलवायचो. बायको माझी दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट, पाय मोडलेल्या माणसांना चालायला शिकवते, भाजी आणायला बरोबर निघालो तर रस्त्यात थांबून म्हणते कशी, "तुझा गुडघा दुखतोय का?" म्हटलं नाही. "मग दर तिसऱ्या पावलावर जोर का देतोयस? लोकांना वाटेल माझंच औषध लागू पडत नाही."

पण हे काहीच नाही. खरं पुढे आहे. शेवटच्या पानांवर आलो आणि बघतो तर मास्तरांची ओळ रिकामी. आकडा आहे, उभ्या रेघा आहेत, अगदी पट्टी लावून काढलेल्या, तीन-तीन ठोक्यांची घरं शेवटपर्यंत आखलेली. आत काही नाही. एक टिंब नाही. खाली काकूंची ओळ मात्र भरलेली, काठोकाठ.

आणि कॉम्प्युटरला रिकामं घर चालत नाही. तुम्ही काही घातलं नाही, की तो आपणहून विरामाची खूण घालतो. म्हणजे, 'ह्या माणसाने इथे गप्प बसायचं.' मी तसंच छापून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांची भाची दारात. मोठ्या शहरातल्या वाद्यवृंदात पियानो वाजवणारी, बोलणंही तसंच, एक सूर चुकायचा नाही. "दादा, हे विराम कुणी घातले?"

"मी नाही, त्याने," मी कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. आठवीतल्या मुलासारखं.

"मामांनी विराम लिहिलेला नाही. विराम हवा असता तर त्यांनी लिहिला असता, ते शिंकसुद्धा लिहून ठेवायचे. हे अपुरं राहिलंय. मी पूर्ण करते, मला त्यांची पद्धत माहीत आहे, तुम्ही ते भरा."

तेवढ्यात मागून काकू आल्या. त्यांना जिना चढून धाप लागली होती. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काही भरायचं नाही."

"मामी, मग मी तिथे बसून करू काय? लोक म्हणतील, ही विसरली."

"म्हणू देत."

"अहो पण हे विराम नाहीत, आणि संगीतही नाही. मग हे आहे काय?"

काकूंनी पदराने घाम पुसला. मग माझ्याकडेच बघून बोलायला लागल्या, भाचीकडे नाही. "उशांना टेकून लिहायचे. मांडीवर पोळपाट ठेवून. नेहमी आधी स्वतःची ओळ, मग माझी. जन्मभर तसंच. पण ही पानं आली तेव्हा माझी आधी लिहिली. मी म्हटलं, अहो, तुमचं राहिलं की. तर म्हणाले, तुझं होऊ दे आधी, माझं मला पाठ आहे."

भाची उभी होती ती बसली.

म्हणजे बघा, तिथे काहीतरी होतं. शांतता नव्हती, अपुरंही नव्हतं. अख्खं संगीत होतं, आणि ते ज्याला पाठ होतं तो माणूस घेऊन गेला. आता ह्याची खूण कुठल्या मेनूत मिळते? आणि मी आपला माऊस धरून बसलेलो.

"ते विराम पुसा," भाची हळूच म्हणाली. "घरं तशीच ठेवा."

पुसता येत नाहीत. लपवता येतात. लपवले की कागदावर उमटत नाहीत, पण पडद्यावर करडे, फिकट दिसत राहतात. पुढे कित्येक दिवस मी दुसऱ्या कुणाचं काम उघडलं तरी मला रिकाम्या जागी ते करडे दिसायचे. एकदा ते पान कॉम्प्युटरवर वाजवून बघितलं. काकूंची ओळ वाजत होती, मास्तरांच्या ओळीचा आवाज दाखवणारी पट्टी सपाट. सपाटच होती, मी डोळे लावून बघितलं. तरी मला पहिला ठोका ऐकू येत होता. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. उठून खिडकी लावली. खिडकी लावून काय होणार, तेही मला माहीत होतं.

सभागृहात दुपारी कार्यक्रम. भाचीची पानं उलटायला माणूस हवा होता, आणि ती घरं माझ्याशिवाय कुणाला मोजता येणार? म्हणजे माझी कामगिरी काय, तर जी बाई काही वाजवत नाही, तिच्यासमोरची ज्यात काही लिहिलेलं नाही ती पानं वेळेवर उलटायची. बायको पहिल्या रांगेत. म्हटलं, बघ आता नवऱ्याचं कर्तृत्व.

पहिली पानं दोघींनी छान वाजवली. चुकामूक, गाठ, चुकामूक, गाठ... लोक आधी गोंधळले, मग माना हलायला लागल्या, अर्ध्या तीनात, अर्ध्या चारात. मग ती पानं आली. भाचीने हात मांडीवर घेतले. काकू एकट्या वाजवत राहिल्या. आणि तुम्हाला सांगतो, ते एकटं वाटलंच नाही. काकू एका ठिकाणी जोर काढून घ्यायच्या, जसा आपण दारात कुणाला आधी जाऊ देतो तसा. कुठे नुसती मान वळवायच्या, पाठीमागच्या पियानोकडे, कपाळाला आठी घालून. मी भाचीकडे बघितलं, तिचे ओठ हलत होते, एक-दोन-तीन. मी पान उलटलं. बरोबर वेळेवर उलटलं, कारण मलाही ऐकू येत होतं. काय येत होतं ते विचारू नका.

काकूंचं शेवटचं घर संपलं, तिकडचं अजून थोडं बाकी होतं. कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला. काकूंनी न बघता तळवा दाखवला, थांबा. अख्खं सभागृह थांबलं. तेवढे ठोके गेले. मग त्यांनी पियानोचं झाकण हलकेच लावलं, आणि भाची रडायला लागली. घरी येताना बायको माझा दंड धरून चालत होती आणि पावलांबद्दल चकार शब्द बोलली नाही.

मला वाटलं, संपलं. सुटलो.

चार दिवसांनी काकूंचा फोन. "अहो, काल वाजवून बघितलं. शेवटून दुसऱ्या पानावर हे एक ठोका लवकर येतात. तेवढं मागे सरकवा."

म्हटलं, "काकू... काय सरकवू? तिथे काही नाहीये."

"तेच सरकवा."

आता काय करता? बसलो. ती रिकामी घरं निवडली, एक ठोका मागे सरकवली, लपलेले विराम पुन्हा लपवले, पान छापलं. बायकोने जुनं पान आणि नवं पान उजेडात शेजारी शेजारी धरलं, बराच वेळ बघितलं, आणि माझ्या हातात दिलं. पाठवलं. संध्याकाळी काकूंचा फोन, "आता बरोबर झालं."

तेव्हापासून फोन येतच असतात. कधी मास्तर लवकर येतात, कधी रेंगाळतात. मी सरकवतो.