रुपया सावरला की सायकल

नाही, पण मला एक सांगा, डॉलरचा आणि माझा संबंध काय? मी कधी अमेरिकेत गेलो नाही, जायचा विचारही नाही, तिकडे माझ्या ओळखीचं काळं कुत्रंही नाही. अख्खी नोकरी भारत सरकारात गेली, राहायला दिल्लीत सरोजिनी नगरचं क्वार्टर, पगार रुपयांत, पेन्शन रुपयांत, आणि रिटायर झाल्यावर फरीदाबादला हा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट घेतला तोही रुपयांत. डॉलरची नोट मी आयुष्यात हातात धरलेली नाही. आणि तरी गेलं वर्षभर रोज सकाळी उठून, चूळ भरायच्या आधी, हा दिनकर मोबाइलवर काय बघतो? तर डॉलर. आज कितीला गेला. का? तर बायकोला सायकल हवी होती म्हणून.

हसू नका. म्हणजे हसा, सुरुवातीला मीही हसत होतो...

तर आमची अरुणा. ही मूळची सांगलीची. कॉलेजला सायकलवरून जायची, पुलावरून उताराला हँडल सोडायची म्हणे, खरं-खोटं तिलाच ठाऊक. लग्न होऊन दिल्लीत आली आणि सायकल सांगलीत राहिली. सरोजिनी नगरात आजूबाजूला सगळ्या साहेबांच्या बायका, त्यात ही सायकलवर भाजीची पिशवी अडकवून फिरणार का? नाही फिरली. मग अवनी झाली, तिची शाळा, तिचं कॉलेज, तिचं लग्न, आता ती गुडगावला असते... आणि या सगळ्यात हिने कधी काही मागितलं नाही हो. दागिना नाही, साडी नाही, मिक्सर बिघडला तर म्हणायची, पाट्यावर वाटते, काय घाई आहे. आणि एक दिवस मेथी निवडता निवडता, वर न बघता, म्हणाली, "अहो, मला एक सायकल घेऊन द्याल?" म्हटलं, सायकल? म्हणाली, "हलकी. गुडघे आता पहिल्यासारखे नाहीत, तर ते गियर असतात ना, तशी. सकाळी सेक्टरात रहदारी नसते, एक चक्कर मारून येत जाईन." एवढं बोलली आणि परत मेथी.

दुसऱ्या दिवशी मेट्रो पकडून थेट झंडेवालान. तिथे सायकलींचाच बाजार आहे, गल्ल्याच्या गल्ल्या, दुकानांच्या छतालासुद्धा सायकली टांगलेल्या. एका दुकानात द्वारकाजी म्हणून गृहस्थ, पोटावर हात ठेवून बसलेले. "आइए अंकल, आइए आंटी, बैठिए, चाय?" त्यांनी एक आकाशी रंगाची काढली, दांडा खाली, सीट रुंद, गियर सात. एका बोटावर उचलून दाखवली. म्हणाले, "आंटी, चला के देखो." आणि ही चक्क बसली आणि गेली. हातगाड्या, ई-रिक्षा, पाठीवर ट्यूब घेतलेले हमाल, त्या सगळ्यातून ही गल्लीच्या टोकापर्यंत गेली, वळली, घंटी वाजवत परत आली. गाल लाल, बटा सुटलेल्या. आमचं लग्न दाखवून-बघून ठरलेलं, सांगलीची अरुणा कशी होती ते मला माहीतच नव्हतं. त्या दिवशी झंडेवालानच्या गल्लीत मी ती पहिल्यांदा पाहिली.

किंमत विचारली. बत्तीस हजार. म्हटलं, भाईसाहब, साइकिल है कि स्कूटर? पण कार्ड काढलं खिशातून. आणि ही मागून माझी बाही ओढते. "आज नको. पाडवा आलाच आहे, महिन्याभरात. साडेतीन मुहूर्तांतला एक. जन्मात पहिल्यांदा स्वतःसाठी काही घेतेय, चांगल्या दिवशी घेऊ." द्वारकाजी म्हणाले, "आंटी, धनतेरस तो कब की निकल गई." मी त्यांना साडेतीन मुहूर्त समजावले. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "साढ़े तीन? ये आधा वाला मुहूर्त कैसे होता है जी?" घरी येऊन अवनीला फोन केला, तर ती आमची दिल्लीत वाढलेली लेक, म्हणते, "बाबा, साडेतीन म्हणजे दुपारचे ना? मी हाफ डे टाकते."

पाडव्याला गुढी उभारली, श्रीखंड खाल्लं, गेलो. पस्तीस हजार. म्हटलं, तीच सायकल ना? "वही है अंकल. रुपया गिर गया." अहो, पण डॉलरचा आणि माझा संबंध काय? फ्रेम तर लुधियानाची, तुम्हीच म्हणालात. "फ्रेम लुधियाने की. गियर जापान का, ब्रेक ताइवान का, चेन भी बाहर की. सब डॉलर में आता है जी." म्हटलं, आणि घंटी? "घंटी अपनी है." मग घंटीचा भाव का वाढवला? तर म्हणे, "अंकल, जब सब बढ़ गया, तो घंटी अकेली क्या करेगी?"

आता मी पडलो सरकारात बजेट पाहिलेला माणूस. मला वाटलं, आपल्याला कळतं. म्हटलं, अरुणा, ही तात्पुरती घसरण आहे, रुपया सावरेल, सावरला की सायकल. ही म्हणाली, "बरं." हिचं हे 'बरं' फार अवघड असतं, भांडली असती तर मी घेऊन टाकली असती. म्हणजे बघा, मुहूर्त हिचा आणि रेट माझा. दोघांचं बसलं की सायकल घरात. इतकं सोपं होतं.

तेव्हापासून ते सकाळचं डॉलर बघणं सुरू झालं. आणि माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतात? दीनानाथ. मुलगा न्यू जर्सीत. तो दर महिन्याला पैसे पाठवतो, त्यामुळे रुपया पडला की हे बाल्कनीतून, "दिनकरराव, आज अठ्ठ्याऐंशी, बघितलंत का?" असा आवाज की घरात बारसं आहे. मी आपला ब्रश तोंडात धरून मान हलवतो. एक डॉलर, दोन बाल्कन्या, एकीत आनंद आणि एकीत सुतक. बोलायचं काय त्यांना? मुलगा आलेला नाही हो चार वर्षांत, तिकीटही डॉलरबरोबर वाढतं. पैसे तेवढे येतात. तेही बिचारे आनंद कशाचा करणार.

आणि मग अक्षय्य तृतीयेला चमत्कार. डॉलर खाली आला. चांगला दोन-अडीच रुपयांनी. मी दाढी अर्धवट सोडून झंडेवालान गाठलं. म्हटलं, द्वारकाजी, बोला आता. ते म्हणाले, "अंकल, ये माल तो महंगे डॉलर में आया था ना." मग स्वस्त डॉलरचा माल कुठे आहे? "वो जहाज में है." जहाज कुठे आहे? "समुंदर में." म्हणजे तुम्हाला सांगतो, डॉलर वर गेला तर झंडेवालानला त्याच सकाळी कळतं, आणि खाली आला तर ती बातमी बोटीने येते.

थांबलो. बोट यायची वाट बघत उन्हाळा गेला, पाऊस गेला. दसरा आला, त्याच्या तोंडावर सरकारने सायकलीवरचा जीएसटी कमी केला, मी पेपर हिच्यापुढे धरून म्हटलं, बघ, माझं सरकार आहे शेवटी. गेलो. किंमत? होती तिथेच. जीएसटीने जेवढं सोडलं तेवढं डॉलरने गिळलं. आणि ती बोट? "आ गई जी. पर पेमेंट तो आज के रेट पे किया." पुन्हा तेच. डॉलरचा आणि माझा संबंध काय? मी म्हटलं, मरू दे, घेऊन टाकू आज. तर हीच म्हणाली, "नको हो, एवढे पैसे. दिवाळीचा पाडवा आहे ना अजून. अर्धा आहे, पण आहे."

दिवाळीत करंज्या करायला बसलो, म्हणजे ती करणार आणि मी तळणार, आमचं ठरलेलं आहे. तर हिच्या करंज्यांच्या कडा जुळेनात. तेलात टाकली की उकलली, सारण बाहेर. म्हटलं, काय गं? म्हणाली, "दमलेय." पाडव्याला झंडेवालानला जायचंही राहून गेलं. मग चहाचा कप बशीत वाजायला लागला. मग सही वाकडी. चालताना उजवा हात हलेना, नुसता अंगाला चिकटलेला. मला वाटलं वय झालं, तिलाही वाटलं वय झालं, अवनीला तसं वाटलं नाही, ती घेऊन गेली डॉक्टरकडे. पार्किन्सन.

डॉक्टर सज्जन माणूस, हळू बोलणारा. धीरे धीरे बढ़ता है, दवाई से कंट्रोल रहेगा, वगैरे सगळं समजावलं. मी वीस प्रश्न विचारले. हिने एकच विचारला. "डॉक्टर साहब, मैं साइकिल चला सकती हूँ?" ते म्हणाले, "सड़क पर? ना आंटी, बिल्कुल नहीं. बैलेंस का भरोसा नहीं." ही म्हणाली, "अच्छा." बाहेर येऊन ऑटोत बसलो, तर माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणते, "बरं झालं, घेतली नव्हती. पैसे वाया गेले असते."

त्या ऑटोत मी रडलो. आश्रम चौकातल्या ट्रॅफिकमध्ये, बाहेर तोंड करून. ऑटोवाल्याने आरशात पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

मग हिवाळ्यात हिचे पाय अडायला लागले. स्वयंपाकघराच्या दारात आली की पाय जमिनीला चिकटल्यासारखे, उचलताच येत नाहीत. मी हात धरून "एक, दोन, टाक पाऊल" म्हणायचं, मग एखादं पडायचं. घरी व्यायाम शिकवायला एक मुलगी येते, प्रणिता, आपल्याकडचीच आहे, नांदेडची. ती सहज म्हणाली, "काका, कित्येकांचं असं असतं, चालता येत नाही पण पेडल मारता येतात. जागच्या जागी, धरून बसवलं तर काकूंना चांगलंच आहे. डॉक्टरांना विचारून घ्या." डॉक्टर म्हणाले, घरात, कोणी तरी जवळ असेल तर जरूर. मी फोन ठेवला, चपला घातल्या आणि निघालो.

द्वारकाजी मला बघून उठूनच उभे राहिले. "अंकल, आज? आज तो डॉलर नब्बे के पार है." म्हटलं, माहीत आहे. "और आज तो अमावस है जी, आप तो इतना..." म्हटलं, तेही माहीत आहे. ती आकाशी काढा. आता माणूस व्यापारी असला तरी वर्षभराची ओळख, त्यांना राहवेना, म्हणाले, "अंकल, एक महीना रुक जाओ, रुपया संभल जाएगा." म्हटलं, रुपये के पास बहुत टाइम है, द्वारकाजी. हमारे पास नहीं है. मग त्यांनी विचारलं, आंटी नहीं आईं? मी सांगितलं. ते आत जाऊन एक लोखंडी स्टँड घेऊन आले, मागचं चाक त्यात कसलं की हवेत फिरतं, सायकल जागची हलत नाही, पडत नाही. म्हटलं, हे कुठलं? खाली बघत म्हणाले, "ये भी बाहर का है जी." एरवी मी तिथे अर्धा तास भांडलो असतो, डॉलरचा आणि माझा संबंध काय म्हणून. म्हटलं, बांधा.

तर आता आमच्या हॉलमध्ये, सोफा सरकवून, ती सायकल उभी आहे. फ्लॅट सोडला तर जन्मातली सगळ्यात महाग खरेदी, अमावस्येला केलेली, आणि एक बोटभरही पुढे न जाणारी. दीनानाथ बघायला आले, डॉलरबद्दल चकार शब्द काढला नाही. आणि ही... तुम्हाला खोटं वाटेल, दारात जिचे पाय अडतात, तिला मी आणि प्रणिता दोघांनी धरून सीटवर बसवलं, आणि पाय फिरायला लागले. गोल, सुरेख, एकसारखे. मागचं चाक भिरभिर. हात कापतात पण हँडल धरलं की कमी कापतात. डोळे मिटून चालवते. मधेच घंटी वाजवते, कोण आडवं येतं देव जाणे. मी मागून सीट धरून उभा असतो. सायकल स्टँडमध्ये बोल्टने कसलेली, पडणार नाही, हे मला कळतं, तिला कळतं, तरी मी धरतो. काय सांगू, सुटत नाही हात.

काल अशीच चालवत होती. वेग घेतला चांगला. आणि एकदम, डोळे न उघडताच, म्हणाली, "अहो, सोडा आता. जमतंय मला. इथून पुढे मी एकटी जाते, तुम्ही व्हा घरी."

आता घरी म्हणजे कुठे जाऊ, सांगा? घरातच तर उभा होतो.

मग काय... सीट सोडली. प्रणिताला खुणेनं जवळ उभं केलं, स्वयंपाकघरात गेलो, दोन कप चहाचं आधण ठेवलं, आणि बसलो तिची वाट बघत.