घर बघायला आले, होडीत बसले

(बेंबळीच्या शिवारातल्या शेततळ्याचा काठ. जवळच्याच वाशी गावचे खतविक्रेते शिवशंकर मुलीच्या सोयरिकीसाठी घर बघायला आले आहेत. उत्तरेश्वर मुलाचा बाप, उत्कर्ष मुलगा. काठावर रबरी होडी फुगवून ठेवलेली आहे.)

शिवशंकर : म्हणजे लोक पैसे देऊन पडतात?

उत्कर्ष : सगळे पडत नाहीत, काका.

उत्तरेश्वर : जे पडत न्हाईत ते नाराज होतात. व्हय ना रे?

उत्कर्ष : अप्पा, तुम्ही जरा गप्प बसा ना.

उत्तरेश्वर : बसलो. माझा पोरगा हाय म्हणून सांगत न्हाय, पावणं, पण ह्यानं जेवढी माणसं पाण्यात नेली, तेवढी माघारी आणली.

शिवशंकर : तेवढं तर शेरडं राखणारा पण करतो.

उत्कर्ष : काका, कोलाडला कुंडलिका नदी आहे. सकाळी धरणाचं पाणी सोडतात, मग ती खवळते. दगडांवरून पाणी पांढरंफेक होऊन पळतं. त्यात आम्ही राफ्ट, म्हणजे ही असली रबरी होडी, घालतो. पुढची माणसं वल्ही मारतात, मी मागं बसून कधी मारायची, कधी थांबायचं ते सांगतो.

शिवशंकर : पाणी आमच्या गल्लीत पण सोडतात. नळाला. त्या दिवशी अख्खी गल्ली खवळती. पण त्याला कुणी नोकरी म्हणत न्हाय.

उत्तरेश्वर : पावण्यांचं म्हणणं बिलकुल बरोबर हाय.

उत्कर्ष : अप्पा, तुम्ही नेमके कुणाच्या बाजूचे?

उत्तरेश्वर : मी काठावरचा.

शिवशंकर : हे बघा, हसण्यावारी नेऊ नका. सृष्टी व्हय म्हणाली. तिची आई व्हय म्हणाली. मी अजून म्हणालो न्हाय. घर बघितलं, चांगलं हाय. माणसं बघितली, जराशी वाह्यात हायत, पण चांगली हायत. माझं अडलंय ते ह्या नदीपाशी. एखाद्या दिवशी होडी माघारी आली आन् तुमी आला न्हाईत, तर माझ्या पोरीनं काय करायचं?

उत्कर्ष : म्हणून तर होडी आणली, काका. हे तोंडानं सांगून पटत नाही. तुम्ही बसून बघा.

शिवशंकर : मी?

उत्तरेश्वर : घर बघायला आलेला माणूस भिंतीला टिचकी मारून बघतो का न्हाय? तशी तुमी पोराला मारून बघा.

शिवशंकर : पण हितं कुठं नदी हाय?

उत्तरेश्वर : तेरणा हाय की. पण ह्या दिवसांत तिच्यात होडी चालवायची तर पुढं ट्रॅक्टर जोडावा लागतो. त्यापरीस तळं बरं.

उत्कर्ष : हे जाकीट घाला. पट्टा लावतो. आता श्वास घ्या.

शिवशंकर : श्वास घेतला तर पट्टा पुरत न्हाय.

उत्तरेश्वर : खतवाल्याची वाढ चांगलीच असणार.

उत्कर्ष : काका, नीट ऐका. काहीही झालं तरी होडीत उभं राहायचं नाही. आणि पडलातच तर हातपाय झाडू नका. पाठीवर पडून राहा, जाकीट सांभाळतं. तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावर पाय ठरत नाही, म्हणून धडपडत वर चढू नका. कडेला दोर आहेत, मी तिथं नेईन.

शिवशंकर : दोर आज बांधले? मला दाखवायला?

उत्तरेश्वर : न्हाय हो. तळ्यात पाणी पडायच्या आधीच ह्यानं चारी बाजूंनी दोर सोडले. मी लई हसलो. म्हणलं, ह्याला शेततळ्यात पण लाटा दिसतात. मग शेजारच्या तळ्यात म्हशीची एक वगार पडली. पवत होती, पण कागदावरनं वर येता येईना तिला. तवापासून मी हसत न्हाय.

शिवशंकर : हं. धरा होडी, बसतो मी.

उत्कर्ष : बसा. सावकाश. मी मागं बसलोय. हं, मारा वल्हं.

शिवशंकर : अहो, ही गोल फिरती!

उत्कर्ष : एकाच बाजूनं मारताय. आता दुसरीकडून.

शिवशंकर : आता मागं चालली!

उत्तरेश्वर : चालू द्या. वाशी तिकडंच हाय.

शिवशंकर : थांबा, थांबा... आली! सरळ आली! बघा! ह्यात काय अवघड हाय?

उत्कर्ष : छान, काका! आता असेच बसून राहा.

उत्तरेश्वर : वा, चहा घेऊन आमची आईच आली. आये, हे सृष्टीचे वडील. व्हय, तेच ते, तळ्यातले.

शिवशंकर : अरे अरे! नमस्कार, नमस्कार! तुमी कशाला एवढ्या उन्हाचं...

उत्कर्ष : काका, बसा! उभं राहू नका! काका!

उत्तरेश्वर : गेले.

उत्कर्ष : आलो, काका! पाठीवर व्हा! डोकं मागं टाका. मानेखाली माझा हात आहे, लागतोय ना?

शिवशंकर : वल्हं... वल्हं गेलं...

उत्कर्ष : जाऊ द्या. मला धरू नका, मी तुम्हाला धरलंय. अंग सैल सोडा. अजून. हां, असं.

उत्तरेश्वर : पावणं, आई म्हणती, नमस्कार पोचला.

शिवशंकर : मग काय बसून करायचा? एवढं वडीलधारं माणूस!

उत्कर्ष : चूक माझीच आहे, काका. कोलाडला नमस्कार करायला कुणी उभं राहत नाही, म्हणून ते सांगायचं राहून गेलं. चला, दोराकडं नेतो.

शिवशंकर : थांबा की जरा. एवढी काय घाई हाय? बरं वाटतंय. आभाळ लई मोठं दिसतं हितनं. फक्त हात तेवढा काढू नका.

उत्कर्ष : हात मघाशीच काढला, काका.

शिवशंकर : मघाशी म्हणजे?

उत्कर्ष : तुम्ही आभाळ बघत होता तेव्हा. तुमचे तुम्हीच तरंगताय.

शिवशंकर : मग सांगायचं न्हाय व्हय?

उत्कर्ष : सांगितलं असतं तर बुडाला असता.

उत्तरेश्वर : पावणं, आता या बाहेर, चहा निवाला. आन् घरी गेल्यावर वैनी विचारतील, कपडे कशानं भिजले. त्याचं काय करताय?

शिवशंकर : सांगीन, जावयाच्या शेतात पाणी लई हाय.