सरांनी मला आऊट दिलं त्याबद्दल

मंडळी, नमस्कार. बसून घ्या. पुढे दोन-तीन खुर्च्या रिकाम्या आहेत, मागच्यांनी पुढे यायला हरकत नाही. बिजेंदर, आप लोग भी आ जाओ आगे. नाही यायचं? ठीक आहे. दाराशी उभे राहा, पण जाऊ नका. तुमच्यासाठीच बोलायला उभा राहिलोय.

टिपणीस सरांना जाऊन आज तेरा दिवस झाले. मयूर विहारच्या या हॉलमध्ये मी पुष्कळदा बोललोय. गणपतीत दहा दिवस माइक माझ्याच हातात असतो आणि काढून घ्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. आज मात्र तसं नाही. सर गेल्याचं दुःख आहेच. त्याशिवाय मला भीती वाटतेय. कशाची, ते सांगतो. मला सलग बोलू द्या, मध्ये थांबलो तर पुढचं राहून जाईल.

आत्तापर्यंत चार जण बोलले. पहाडगंजला शाळेत तीस वर्षं सरांनी गणित शिकवलं, ते सांगून झालं. सोसायटीच्या पाण्याच्या भांडणात त्यांनी दोन्ही बाजूंना गप्प बसवलं होतं, ते झालं. दर जानेवारीत पानिपतला बस घेऊन जायचे आणि बसमध्ये कुणाला झोपू द्यायचे नाहीत, तेही झालं. पण सरांचा रविवार कुठे जायचा, ते कुणी बोललं नाही. अठरा वर्षांचे रविवार. ज्यांना माहीत आहे ते मुद्दामच बोलले नसतील. शोकसभेत कटू विषय नको, असं वाटलं असेल. पण मी तो विषय काढणार आहे.

बांधाच्या पलीकडे यमुनेच्या खादरात, म्हणजे पुराच्या सखल जमिनीत, एक गाव आहे. मुळ्याची आणि पालकाची शेतं संपली की गावाचं मैदान लागतं. सर तिथे सकाळी फिरायला जायचे. एकदा मुलांची मॅच चालली होती, अंपायर नव्हता. एका मुलाने विचारलं, "अंकल, खड़े हो जाओगे क्या?" सर उभे राहिले, ते अठरा वर्षं उभेच राहिले. मला त्यांनी नंतर ओढून नेलं. म्हणाले, "जयंत, ऑफिसात बसून पोट सुटलंय तुझं, चल." मी गेलो, आणि अडकलो.

तुम्हाला वाटेल, टेनिसबॉलचा पोरखेळ असेल. अजिबात नाही. लेदर बॉल, पांढरे कपडे, गावाने स्वतः रोलर फिरवून केलेलं पिच. पोरं दूध घालून येतात, कुणी टेम्पो चालवतो, कुणी पोलिसभरतीची तयारी करतो, आणि रविवारी सकाळी सात वाजता मैदानावर हजर. मी चोपन्न वर्षांचा माणूस, आठव्या नंबरला बॅटिंगला जातो. सोसायटीच्या गेटवर मी फ्लॅटवाला अंकल आहे, मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. तिथे मी जयंतभाई होतो. मला ते फार आवडायचं. आज हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या सगळ्याचं मूळ तेच आहे.

सर कसे अंपायर होते? डाव्या खिशात सहा शेंगदाणे. बॉल पडला की एक तोंडात. एकदा एक खवट निघाला, त्यांनी थुंकून टाकला आणि तो बॉल मोजलाच नाही. बॉलर भांडत राहिला, सर म्हणाले, "बेटा, खराब था." हसा, हसा. टिपणीस वहिनी पण हसतायत, बरं वाटलं. ओव्हर संपली की ते स्लिपमधल्या पोरांना पाढे विचारायचे. हा बिजेंदर, आमचा कॅप्टन, दहावीच्या गणितात दोनदा अडकला होता. तिसऱ्यांदा सरांनी त्याला पिचच्या रोलरवर बसवून शिकवलं आणि तो पास झाला. त्या दिवसापासून मैदानात पाऊल टाकलं की आधी मास्टरजींच्या पाया पडायचा, मग पॅड बांधायचा.

आता गावाचा एक नियम सांगतो. नीट ऐका. बाहेरचे अंपायर परवडत नाहीत, त्यामुळे बॅटिंग करणाऱ्या टीमचाच माणूस अंपायर उभा राहतो. मग पक्षपात होणार नाही कशावरून? तर या गावात बिजेंदरच्या वडिलांच्या वेळेपासून चालत आलंय की शंका आली तर अंपायर बॅट्समनला विचारणार, आणि बॅट्समन खरं सांगणार. तो म्हणेल ते मान्य. हा गावाचा मान आहे. बाकीच्या टीम हसतात यांना, पण भांडायला कुणी येत नाही. अठरा वर्षांत या नियमाला कुणी बट्टा लावला नाही. गावातल्या कुणीच नाही.

चार महिन्यांपूर्वी आमची टूर्नामेंटची फायनल होती. समोर कोण? आपलीच मुलं. लातूर, बुलढाणा, सांगलीकडची, करोल बागेत खोल्या घेऊन यूपीएससीचा अभ्यास करणारी. त्यांना या टूर्नामेंटमध्ये आणलं कुणी? सरांनीच. म्हणाले, दिवसभर पुस्तकात डोकं घालून बसतात, जरा ऊन खाऊ देत.

शेवटची विकेट. जिंकायला दोन रन. मी बॅटिंगला. सर बॉलरच्या बाजूला उभे. बॉल ऑफच्या बाहेर पडला, मी बॅट घातली, कीपरने पकडला. त्यांच्या मुलांनी अपील केलं, तेही अर्धवटच. सरांनी मला विचारलं. मराठीत विचारलं. आम्ही दोघं एकमेकांशी दुसरं काय बोलणार? "जयंत, लागला का?"

मी मान हलवली. "नाही सर."

नियमाने विषय तिथे संपला होता. सर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बोट वर केलं. आणि माझ्याकडे चालत येऊन एक वाक्य बोलले, तेही मराठीत, शांतपणे. मी ते ऐकलं. आमच्या पोरांनीही ऐकलं, पण त्यांना कळलं नाही.

मंडळी, त्या मैदानावर मराठी फक्त एवढ्याच लोकांना येत होती: सरांना, मला आणि जिंकलेल्या टीमला, जी तोवर पलीकडे नाचत होती. आमची पोरं धावत आली. त्यांनी काय पाहिलं होतं? जयंतभाईने नाही म्हटलं. मास्टरजींनी नियम मोडून आऊट दिलं. मध्ये मराठीत काहीतरी बोलणं झालं. आणि मास्टरजींच्या बोलीची टीम जिंकली. बिजेंदरने मला विचारलं, "जयंतभाई, मास्टर जी क्या बोले?"

मला एका वाक्यात खरं सांगता आलं असतं. मी म्हणालो, "बोल रहे हैं, अपने बच्चे हैं, जीतने दो."

हो. असं म्हणालो मी. वहिनी, मी असं म्हणालो.

सर पाच पावलांवर उभे होते. अख्खं आयुष्य दिल्लीत काढलेला माणूस, त्यांना हिंदी येत नव्हती का? त्यांनी प्रत्येक शब्द ऐकला. माझ्याकडे बघितलं, डोक्यावरची अंपायरची टोपी काढली, आणि चालायला लागले. मागून कुणीतरी ओरडलं, "बेईमानी करी है मास्टर नै." सर वळले नाहीत. मी खाली बसून पॅड सोडायला लागलो. पुढच्या रविवारी बिजेंदर त्यांच्या पाया पडला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी अंपायर दुसरा होता.

त्या आठवड्यात सर माझ्या घरी आले होते. मला वाटलं, आता फाडतात. ते शांतपणे म्हणाले, "हे तू सांगायचंस. मी सांगितलं तर चुगली होईल, आणि पोरं तुझ्यावर हात टाकतील. तुला सवड होईल तेव्हा सांग." मी म्हटलं, हो सर, येत्या रविवारी नक्की. ते म्हणाले, अच्छा. पुन्हा कधी विचारलं नाही. चार महिने ते दर रविवारी मैदानावर येत राहिले. लांब, पंपाच्या खोलीजवळ बसून मॅच बघायचे. त्यांच्याशी कुणी बोलायचं नाही. मी खेळायचो. मी दर रविवारी खेळायचो, मंडळी, आणि सर बघायचे. मला वाटायचं, विसरतील पोरं. जुनं होईल. मग तेरा दिवसांपूर्वी पहाटे त्यांची छाती दुखायला लागली, आणि संपलं.

घाटावर गावातलं एकही माणूस नव्हतं. वहिनींनी मला विचारलं, "जयंत, त्यांची टीम का नाही रे आली?" मी म्हणालो, "कळलं नसेल, वहिनी." मीच निरोप द्यायचा होता. मी दिला नव्हता. मला भीती वाटली, ते येतील आणि विषय निघेल. शेवटी वहिनींनीच परवा बिजेंदरला फोन केला, म्हणून आज ही मुलं दाराशी उभी आहेत. ती का आलीत, हे त्यांनाही नीट माहीत नसेल. वहिनी, तुम्हाला हे आधी घरी येऊन सांगायला हवं होतं. आलोही होतो मंगळवारी. तुम्ही चहा केलात, मी चहा पिऊन परत गेलो.

आणि आत्ताही बघा मी काय करतोय. पंधरा मिनिटं मराठीत बोलतोय. ज्यांना सांगायचं आहे त्यांना यातलं "बिजेंदर" आणि दोन-चार हिंदी वाक्यं सोडून काही कळलेलं नाही. पुन्हा मी मराठीच्या आड उभा आहे. सभेला हिंदी चालेल ना? चालायलाच हवी.

बिजेंदर. सुन भाई. सब सुनो. फाइनल में गेंद मेरे बल्ले को लगी थी. मास्टर जी ने मुझसे पूछा, मैंने झूठ बोला. "अपने बच्चे हैं, जीतने दो", ये मास्टर जी ने कभी नहीं कहा. ये मैंने बनाया, वहीं खड़े-खड़े. उन्होंने कहा था, "खोटं बोलू नकोस, मुलं बघतायत." इसका मतलब है, झूठ मत बोल, बच्चे देख रहे हैं. वो बच्चे तुम लोग थे. बेईमानी मैंने की थी. मास्टर जी ने नहीं.

काळे काका, बिजेंदरला अडवू नका. येऊ द्या पुढे. नाही, काही करणार नाही तो. आणि केलं तरी अडवू नका.

बोल बिजेंदर.

मंडळी, तो काय म्हणतोय ते मागे ऐकू गेलं नसेल. या वेळी मी जसंच्या तसं सांगतो, एक शब्द इकडचा तिकडे करत नाही. तो म्हणतोय, "मैच की बात छोड़ो. जिस दिन मास्टर जी गए, उस दिन क्यों ना बोले? कंधा तो हमारा बनता था." खांदा आमचा होता, म्हणतोय.

बिजेंदर, खरं आहे तुझं. मॅच पुन्हा खेळता येईल. सरांना अंपायरची टोपी पुन्हा देता आली असती, चार महिने रोज देता आली असती. खांद्याचं आता मी काय करू? ते तुमच्याकडून मी कायमचं घेतलं. माफी मागतो, पण ती तू द्यावीस म्हणून मागत नाही. वहिनींकडे मागतो. सरांकडे मागायची वेळ मी घालवली.

हां, बोल. अजून काय?

अच्छा.

मंडळी, ठरल्याप्रमाणे आता मी तुम्हाला दोन मिनिटं मौन पाळायला सांगायचं होतं. बिजेंदर म्हणतोय, "मौन टीम कराएगी. आप बैठे रहना, हमारे साथ खड़े मत होना." बरोबर आहे त्याचं. दाराजवळच्या मुलांनो, आगे आ जाओ, फोटो के पास. बूट राहू देत पायात. वहिनी, यांना जरा जागा करून देता?

सर, नमस्कार करतो. माइक मी तुमच्या कॅप्टनकडे देतोय आणि खाली जाऊन बसतोय. बाकी सगळ्यांनी उभं राहा. किती वेळ, ते बिजेंदर सांगेल.