चीनहून आलेलं हिरवं इंजिन

(इंग्लंडच्या किनाऱ्यावरचं रॅम्सगेट. नॉरिस आणि त्याची बायको ॲव्हरिल, संध्याकाळचं जेवण चालू असताना. कोपऱ्यात नॉरिसच्या खेळण्यातल्या आगगाड्यांचे रूळ.)

नॉरिस : ओरडणार नसशील तर दाखवतो.

ॲव्हरिल : म्हणजे घेतलंसच! चीनमध्ये बनलेल्या खेळण्यातल्या इंजिनाला हात लावणार नाही, असं तुमच्या आगगाड्यांच्या क्लबात छाती ठोकून कोण सांगत होतं?

नॉरिस : मीच. आणि टाळ्या वाजवणारे सगळे आज दुकानात माझ्यापुढे रांगेत!

ॲव्हरिल : निर्लज्ज मेले.

नॉरिस : अगं पण बघ तरी! चढायच्या पायऱ्यासुद्धा वेगळ्या घडवून बसवल्यात. ड्रायव्हरच्या खिडकीला काच आहे, काच! आणि चालतं कसं, मांजरासारखं!

ॲव्हरिल : आमची इंजिनं काय बैलगाड्या होत्या?

नॉरिस : तसं नाही गं...

ॲव्हरिल : लग्नाआधीपासून इथल्या कारखान्यात अशीच इंजिनं रंगवतेय मी. नाताळनंतर आमचं खातं बंद, काम सगळं चीनला. आणि हे माझ्याच टेबलावर, मासळीच्या बशीशेजारी आणून ठेवतोस?

नॉरिस : चुकलं. उचलतो.

ॲव्हरिल : थांब. दे इकडे. चष्मा कुठाय माझा?

नॉरिस : डोक्यावर.

ॲव्हरिल : हं... अरे, हे हातानं रंगवलंय!

नॉरिस : काहीतरीच. मशीन असणार.

ॲव्हरिल : मशीनचा हात असा कापत नाही. हा इंजिनाच्या पाठीवरचा घुमट बघ. सोनेरी रंग हिरव्यात उतरलाय. तिथल्या रंगवणाऱ्या पोरीनं ब्रश निथळून घेतलाच नाही. कुणी सांगितलंच नसेल तिला. मीही सुरुवातीला असंच करायचे. आमच्या खात्यातल्या हेझलनं शेजारी बसवून, मनगट धरून शिकवलं.

नॉरिस : मग जा ना! तुमचे साहेब मागे लागलेत, चीनमधल्या बायकांना शिकवायला चल म्हणून.

ॲव्हरिल : नाही म्हटलंय मी. आपलं काम गेलं तिथेच शिकवायला जायचं? हेझलची नोकरी जातेय, नवरा अंथरुणाला खिळलेला. ती तोंड बघेल माझं?

नॉरिस : काम साहेबांनी हलवलं. त्या पोरींनी नाही.

ॲव्हरिल : मला कळत नाही का ते?

नॉरिस : तू गेली नाहीस, तर खातं चालू राहील?

ॲव्हरिल : ...लाव ते रुळावर.

नॉरिस : आत्ता? जेवण?

ॲव्हरिल : लाव म्हणते ना! अगदी हळू सोड. आणखी हळू... अगं बाई! वळणावर बघ, नॉरिस, जराही अडखळत नाही!

नॉरिस : मी काय सांगत होतो!

ॲव्हरिल : आणि चाकं जोडणारे हे दांडे! इतके बारीक? कसे बसवत असतील रे? मला बघायचंय ते. तो घुमट तर एका दिवसात सुधारेल. ब्रश अर्धा बुडवायचा, काठाला टेकवायचा, बस्स! भाषा नाही आली तरी मनगट धरता येतं.

नॉरिस : म्हणजे जाणार तू?

ॲव्हरिल : फ्रान्समधल्या कॅलेला जाणाऱ्या बोटीपलीकडे कुठे गेले नाही मी. विमानात नुसती बसले तरी छाती फुटेल.

नॉरिस : करू फोन साहेबांना?

ॲव्हरिल : नको, आधी कोट दे माझा.

नॉरिस : कुठे निघालीस?

ॲव्हरिल : हेझलकडे. मी जातेय हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको तिला.

नॉरिस : दार उघडेल ती?

ॲव्हरिल : नाही उघडलं, तर बाहेरून सांगेन.