पाटी बोलणार आहे

हॅलो?... हॅलो? कोण?... हरिता? अगं मोठ्यानं बोल, नुसता वारा ऐकू येतोय... कुठं उभी आहेस?... झेंड्याच्या कट्ट्यावर? कशाला गं?... तिथंच रेंज येते? कसली तुझी ती साताऱ्याची शाळा! डोंगरावर चढून बसली, आणि फोनला एक खांब नाही.

हो, हो... मी बरी आहे. मला काय होतंय?... जेवण? अजून नाही. कावळ्यानं भाताला तोंड लावल्याशिवाय तुझी आजी कधी जेवली आहे का? आज मेला फिरकलाच नाही... तुझी आई? आहे की. लेकीचा फोन आलाय म्हटलं, तर 'हात पुसते' म्हणाली. अजून पुसतेच आहे... नाही, देणार नाही. फोन मला केलास ना? मग माझ्याशी बोल.

काय? लावलंस तू ते?... वर्गात? मी फोनवर भरून पाठवलेलं बोलणं?... त्या डबीएवढ्या स्पीकरवर? आणि मागं बसलेल्यांनाही ऐकू गेलं?... मग! आवाज कुणाचा आहे? तिरुवैयारुची बस मी दारातून हाक मारून थांबवते.

हसले?... कोण हसले? कशाला हसले?... अगं ऐक ना, आधी मला सांग तू काय म्हणालीस त्यांना... 'आता आपल्याशी पाटी बोलणार आहे.' बरं, मग? त्यात हसायचं काय?...

अय्यो! लिहायची पाटी! अगं शहाणे, इकडं तमिळमध्ये आजीला पाटी म्हणतात हे आधी सांगायचं की नाही? मास्तरीण झालीस आणि एवढं... काय?... दप्तरातून पाटी काढली? आणि कानाला लावली?... थांब, थांब, ठसका लागला मला... वासुकी, पाणी आण गं!... काही नाही, तुझ्या लेकीच्या वर्गातली पोर पाटी कानाला लावून बसली!... हो, घेतलं पाणी. मग? काय ऐकू आलं म्हणाली?... 'बाई, पाटी काहीच बोलत नाही.'

खरं आहे तिचं. माझ्याशीही फार दिवस नाही बोलली. दुसरीत होते, धाकटा भाऊ शाळेत जायला लागला, माझी पाटी त्याच्या हातात दिली. झालं... नाही गं, वाईट कसलं. बघ, आता मीच पाटी होऊन वर्गात जाऊन बसले.

आणि ते आवाजाचं कोडं?... पहिल्याच झटक्याला ओळखलं? मी कावळ्याला हाक मारते ते?... मारणारच. कावळे काय तंजावरलाच आहेत? आणि पाट्यावर चटणी वाटते ते?... 'कुणाची तरी गाडी चालू होत नाहीये'! अरे देवा. कुणाच्या घरी पाटा नाही का तिकडं?... मिक्सर. हं. इथंही तेच. तुझी आई पाटा उचलून परसात टाकणार होती. मी म्हटलं, हरिताच्या शाळेला लागतो. तेव्हापासून हात लावायची हिंमत नाही तिची.

बोलणं समजलं का पण माझं?... 'आम्हांस' म्हणते ते?... काय म्हणाले? नाटकातली राणी?... खरंच म्हणाले?... मग त्याला हसणं म्हणतात का, वेडे! सांग त्यांना, राज्य गेलं, बोलणं तेवढं ठेवलं आम्ही.

हो, मिळालं ना. पोरांनी भरून पाठवलेलं. परवाच... काय झालं म्हणजे? काही झालं नाही... आईनं सांगितलं? तिच्या तोंडाला झाकण नाहीच कधी... अगं मला काय ठाऊक ते आधीच भरून ठेवलेलं असतं! एक पोर विचारते, 'पाटी, तुमचं नाव काय?' मी म्हटलं, विशालाक्षी. तोवर दुसरं, 'पाटी, तुमच्याकडं समुद्र आहे का?' म्हटलं, अरे बाबा, नाव सांगतेय ते तरी ऐकून घे! मग तिसरं, 'पाटी, तुम्ही आमच्या शाळेत कधी येणार?' त्याला मी सगळं नीट सांगितलं. गुडघ्याचं सांगितलं, दोन गाड्या बदलाव्या लागतात ते सांगितलं. तिकडं चिडीचूप. मी आपली हॅलो, हॅलो... हस. हस तू. तुझी आईही अशीच दाराला धरून हसत होती.

पण ऐकते हं मी ते. रोज दुपारी... का म्हणजे? या घरात माझ्याशी मराठी कोण बोलतं? तुझ्या भावाच्या मुलांना विचारलं, काय खाल्लं रे, तर समजतं सगळं, उत्तर येतं तमिळमध्ये. वासुकी बोलते, ते भांडण्यापुरतं. तुझी ती पोरं, ना नात्याची ना गोत्याची, 'पाटी, पाटी' करतात, तेवढा वेळ बरं वाटतं. शेवटी तू मागून ओरडतेस ना, 'एकेकानं बोला रे,' ते पण येतं त्यात.

नवीन?... अजून पाहिजे?... नाही. आता नाही भरून देणार मी... राग? राग कसला. पाहिजे तर येऊन भरून घे. पोंगलला येतेच आहेस की... काय?... ऐकू नाही आलं... आलं. आलं ऐकू... एकच दिवस सुट्टी. हो... हो, तिकडं संक्रांत एकाच दिवसाची, माहीत आहे मला... मी कुठं ये म्हटलं? म्हटलं का मी?... खोली? ती उंदीर झाले म्हणून झाडून घेतली. आई काहीही सांगते तुला... नाही, रागावले नाही. रागवायला माणूस समोर लागतं.

थांब, काय म्हणालीस?... ते नाही, मघाचपासून मधेमधे तमिळ काय बोलतेस तू माझ्याशी? मी मराठीत विचारते, तू... काय?... तिकडं कुणाशीच नाही? नवऱ्याशी?... त्याला येत नाही. शेजारी?... हं... एक शब्दही नाही?

मला वाटलं, मराठी मुलखात गेली, पोरीची चैन झाली... रडू नकोस. अगं, कट्ट्यावर उभं राहून मास्तरणीनं रडायचं नाही, पोरं बघत असतील. बाळा, कण्णम्मा, ऐक... ऐक ना... मी बोलते तमिळ तुझ्याशी. फोन करशील तेव्हा. हो, मीच म्हणतेय.

आणि देते भरून. दारात कोलमची रांगोळी घालताना पीठ सोडते तेव्हा ओळींचं काय पुटपुटते, ते देते, पोरांना पाटीवर काढू दे... पण मला एक पाठव. फोटो नको गं! फोटो काय, त्या पोरीच्या पाटीसारखा, बोलत नाही तो. तुझा आवाज. 'पाटी, जेवलीस का?' एवढंच... नाही, जास्त नको. एवढंच. तमिळमध्ये विचारलंस तरी चालेल... माहीत आहे मला, भरलेलं असतं, ऐकत नाही ते. तरी मी उत्तर देईन.

घंटा झाली?... थांब गं, एक... हा बघ, आला मेला, कुंपणावर बसून ओरडतोय, येतं का ऐकू?... हॅलो?... हॅलो?... हरिता?...

आला गं कावळा. जेवते मी आता.